पोळी लाटणारे हात

"हे आमचं सगळ्यात गाजलेलं काम, मॅडम," म्हणत व्हिडिओ कंपनीच्या गवाणकरांनी लॅपटॉप पुरणपोळी कारखान्याच्या मालकीणबाईंकडे वळवला. पडद्यावर पोळी लाटणारे दोन हात दिसले, मग हसरी नटी. बाईंच्या ऑफिसच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याशेजारी एक तरुणी बसली होती. गवाणकरांना ती तिथलीच कर्मचारी वाटली.

"हात कोणाचे?" बाईंनी विचारलं.

गवाणकर हसले. "होती एक स्वयंपाकीण. लाटायची सुंदर, पण चेहरा काही दाखवण्यासारखा नव्हता. मी तोंडावरच सांगितलं, बाई, तुमचे फक्त हात पुरे."

बाईंनी व्हिडिओ पुन्हा हातांवर आणून थांबवला, बांगड्या मागे सारल्या आणि मनगट पडद्याशेजारी ठेवलं. दोन्ही मनगटांवर तव्याच्या चटक्याचा तोच अर्धगोल डाग होता.

गवाणकरांनी घाईघाईने लॅपटॉप मिटला. "ताई, या वेळी जाहिरातभर तुमचाच चेहरा ठेवू."

"काम हिच्या कंपनीला कालच दिलंय," तरुणीकडे बघत बाई म्हणाल्या. "आमच्या कारखान्याची गोष्ट ती तुमच्यापासून सुरू करणार आहे."

गवाणकरांनी वळून पाहिलं. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लागलेला होता.

"घाबरू नका," बाई म्हणाल्या, "तुमचा चेहरा नाही घेतला. फक्त हात."