थोरलीचा निरोप

नौकेच्या पुढच्या टोकावर रंगवलेला आकडा अजून पुरता वाळला नव्हता, तोच फाटकाशी गाडीचा हॉर्न वाजला. राखणदाराने कुंचला बालदीत टाकला आणि हात पँटलाच पुसले. आता होईल ते होईल.

आकडा थोरलीचा होता. नौका धाकटी होती.

दोघी सख्ख्या बहिणी, एकाच साच्यातल्या. नौदलाने निवृत्त केल्यावर नावं खरवडून, आकड्यांवर राखाडी रंग फासून दोघींना या धक्क्याला शेजारी शेजारी बांधून ठेवलं होतं. थोरलीने युद्धात नाव काढलं होतं, शाळेच्या पुस्तकात तिचं चित्र होतं. धाकटीने सगळं युद्ध बंदरात बसून काढलं. साहजिकच भंगारात पहिला नंबर धाकटीचा लागला.

लाटांचा मार एकीलाच बसू नये म्हणून दोघींच्या जागा अधूनमधून बदलायची इथली रीत. यंदाही बदलल्या होत्या, आणि त्या बदलून घेतल्या होत्या राखणदारानेच. तरी ओढून न्यायला टगबोट आली तेव्हा तो चहा पीत पीत, जुन्या सवयीने म्हणाला, "बाहेरची न्या." चूक ध्यानात आली तोवर तोडणीच्या आवारात थोरलीचे तुकडे पडले होते.

त्याने साहेबांना सांगितलं नाही. बायकोलाही नाही. जेवताना ती म्हणायची, "मीठ कमी पडलंय का? तोंड असं का?" आणि तो मान खाली घालून आणखी एक घास गिळायचा.

आता थोरलीवरच्या जुन्या माणसांनी शेवटचं भेटून जावं, अशी जाहिरात साहेबांनी पेपरात दिली होती. बरेचसे देवाघरी गेलेले. आले ते एकच, काठी टेकत, लेकीचा हात धरून.

"हे आमचे बाबा. थोरलीवर तोफेवर होते," लेक अभिमानाने म्हणाली. "गल्लीत सगळे तोफवाले काकाच म्हणतात. यायलाच तयार नव्हते हो! जाहिरात लपवून ठेवली होती. ओढून आणलंय मी."

"या काका," राखणदार म्हणाला.

काका शिडीवरून डेकवर आले आणि जागच्या जागी थांबले. कठड्यावरून हात फिरवला. मग त्यांनी राखणदाराकडे टक लावून पाहिलं. चोराच्या मनात चांदणं. राखणदाराला वाटलं, संपलं, ओळखलं म्हाताऱ्याने. पण काकांचे डोळे भरून आले.

"बाबा, तुमची तोफ कुठे होती?"

"तोफा काढून नेल्या गं कधीच," काका म्हणाले. "आधी भटारखाना बघू."

"बघा यांचं! युद्ध गेलं खड्ड्यात, आधी पोट," लेक हसली.

राखणदार टॉर्च घेऊन पुढे निघाला, पण काकांना टॉर्च लागलाच नाही. डोकं आपटेल तिथे ते आधीच वाकत होते. भटारखान्याच्या दाराशी राखणदार थबकला. थोरलीच्या दाराची कडी उजवीकडे होती, धाकटीची डावीकडे. काकांचा हात अंधारात सरळ डावीकडे गेला आणि दार उघडलं. राखणदाराने सुस्कारा सोडला. नशीब, वयामुळे ध्यानात आलं नसावं.

आत गंजका ओटा तेवढा उरला होता. काकांनी त्यावर दोन्ही तळवे टेकले, लहान मुलाच्या पाठीवर ठेवावेत तसे, आणि ते हुंदके देऊन रडू लागले. लेकीने त्यांना जवळ घेतलं. राखणदाराला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. दुसऱ्याच नौकेला धरून हा माणूस रडत होता, आणि ते आपल्यामुळे.

वर आल्यावर लेकीने विचारलं, "बाबा, गोळा लागून भोक पडलं होतं ते दाखवा ना. किती वेळा सांगितलंत!"

थोरलीच्या कुशीत त्या भोकावर मारलेलं ठिगळ होतं. हिच्या कुशीवर साधा पोचाही नव्हता.

"बुजवलं असेल," काका घाईने म्हणाले. "एवढे रंगाचे हात बसल्यावर काय दिसणार? चल, तू गाडी जवळ घे. माझे गुडघे बोलायला लागलेत."

लेक शिडी उतरून गेली. दोघेच उरले. म्हाताऱ्याने आपली बाजू सावरून घेतली, हे राखणदाराला सहन होईना. एवढ्या भल्या माणसाला फसवून आपण घरी जाऊन जेवणार कसे? नोकरी गेली तर गेली.

"काका, मला तुमच्याशी बोलायचंय," तो म्हणाला. "मला फार लाज वाटते. ही नौका..."

काकांनी चटकन त्याचा हात घट्ट धरला. गाडीकडे एकदा पाहून आवाज खाली आणला.

"हळू. पोरीला कळू देऊ नका. लाज तर मला वाटायला हवी. जन्मभर थोरलीच्या गप्पा मारल्या, आणि आज तिच्यावर पाऊल ठेवताना ढोंग उघडं पडणार म्हणून रात्रभर डोळा लागला नाही. तुम्ही आकडा बदलून माझीच नौका माझ्यापुढे उभी केलीत! पण मला एक सांगा, मी धाकटीवरचा आचारी होतो, हे तुम्हाला कळलं कसं?"