समोरचं टेबल

नाण्यांचा नाद नवा होता तेव्हा उज्वलाने जुनी नाणी विकणाऱ्या खैरनारशेठना विचारलं होतं, आधी कोणतं पुस्तक घेऊ? “पुस्तकं कशाला, ताई? मी आहे ना,” म्हणत शेठनी चांदवडच्या जुन्या टांकसाळीचे सांगून खोटे रुपये तिच्या गळ्यात मारले.

आता नाशिकच्या प्रत्येक प्रदर्शनात त्यांच्या स्टॉलसमोर तिचं पुस्तकांचं टेबल असतं. नवा माणूस दिसला की त्याला हव्या त्या नाण्याचं पुस्तक ती काढून देते. “विकत नका घेऊ. फक्त समोरच्या स्टॉलवर नाणं बघताना हातात उघडं धरा.” उघडं पुस्तक दिसलं की शेठ नाणं गुपचूप डबीत ठेवतात.

आज शेठ स्वतःच तिच्या टेबलाशी आले. “ताई, पुरे आता. पुढच्या महिन्यापासून मी मालेगावला बसतो.”

“बसा की, शेठ. तिथेही मी आहे ना.”