मागची खिडकी

दामू गवंडी आला तेव्हा पार्वतीबाईंचे खानसाहेब जेलात जायच्या बेतात होते.

सातवीचा वर्ग. गोष्ट बादशहा खानांची, सरहद्दीवरच्या त्या पठाणाची. पुस्तकात नव्हती, बाईंनी यंदा पदरची घातलेली. निजामपुऱ्यातली शाळा, आणि बोळाच्या पलीकडं लूमचा, यंत्रमागांचा कारखाना. बोळ एवढा अरुंद, की समोरून माणूस आला तर आपण भिंतीला चिकटायचं. दुपार कलंडलेली. खटखट खटखट एका तालात चाललेली, सगळा वर्ग पाळण्यात घातल्यासारखा. खिडकीतून रुई तरंगत यायची. उन्हात जरा थांबायची आणि पोरांच्या केसांवर हळूच बसायची. अफीफाच्या पापणीवर बारीकसा कापूस बसला होता. तिला तो झटकायचंही सुचत नव्हतं.

त्या आवाजात बाईंचं बोलणं जेमतेम पहिल्या बाकापर्यंत पोचायचं. मागची पोरं ओठ बघायची. लूमवाल्यांची पोरं ती. लूमपायी कान गेलेल्या बापांशी घरात असंच बोलायची सवय. बाईसुद्धा तोंड मोठं करून एकेक शब्द सावकाश सोडायच्या.

“गावोगाव फिरून शाळा काढायचे खानसाहेब. त्यांच्या माणसांनी पांढरे कपडे विटकरी रंगात बुडवले. का? पांढरं लगेच मळतं म्हणून. आणि शपथ घेतली, हात उचलायचा नाही. समोरच्यानं गोळी घातली तरी नाही.”

“पठाण असून?” अम्मार म्हणाला. “बाई, आमच्या गल्लीत कॅरमवरनं डोकी फुटतात.”

“म्हणून तर तुला सांगतेय, बाबा. अडवायचं असेल तर वाटेत बसायचं. शिवी नाही, दगड नाही. नुसतं बसायचं. मग इंग्रजांनी काय केलं? खानसाहेबांना उचललं आणि टाकलं जेलात. आणि जेलात गेल्यावर…”

दारावर थाप पडली. बाई वळल्या.

“बाई, विटा बोळात उतरवल्यात,” दामू म्हणाला. “खिडकी कुठली बुजवायची हाय?”

बाईंनी बोट दाखवलं. पोरांच्या मागची, बाईंच्या बरोब्बर समोरची. वर्गात वारा यायचा तो तेवढ्या एका खिडकीतनं. तरी ती बुजवायला बाईंनी तीन अर्ज केले होते. अर्जात कारण लिहिलं होतं, आवाज. खरं कारण पलीकडच्या खिडकीत लूमवर उभं असायचं. नाव सिराज, हे पोरांकडून कळलेलं. पन्नाशीचा माणूस, दाढीत रुई. सात वर्षं त्याचे हात धाग्यावर आणि डोळे बाईंच्या तोंडावर. बाईंनी डोळे वटारले, पदर ओढून घेतला, पाठ करून उभ्या राहिल्या. पाठ केली की तो मान वाकडी करून बघायचा. बाईंना शिसारी यायची. आज सुटका.

दामूनं बोळात माल कालवला. थापी हातात घेतली, आणि खटखट एकदम पातळ झाली. बाईंनी बघितलं. पलीकडच्या खिडकीतले लूम थांबले होते. सिराज तिथं नव्हता.

भर ड्युटीतून तो बोळात आला आणि विटांच्या ढिगावर मांडी घालून बसला.

“ओ चाचा, उठा,” दामू म्हणाला.

सिराजनं मांडी आणखी घट्ट केली.

“बहिरा हाय काय? मला सांजच्या आत भिंत उभी करायचीय!”

दामूनं दंड धरून ओढलं. सिराजनं हिसडा दिला नाही, शिवी दिली नाही. नुसता जड झाला. दामू दमून बाजूला झाला तसा तो पुन्हा सावरून बसला. विटांची लाल भुकटी त्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर चढत चालली होती.

पोरं बाकांवर चढून गजांना लटकली. त्यांना बाजूला सारून बाई पुढं झाल्या.

“काय तमाशा लावलाय? सात वर्षं बघताय माझ्या तोंडाकडं! लाज नाही वाटत?”

सिराजनं त्यांच्या ओठांकडं बघितलं. नीट, शेवटच्या शब्दापर्यंत. मग हात जोडले आणि बोलला, स्वतःचा आवाज ऐकू न येणारा माणूस बोलतो तसा, मोठ्यानं आणि सपाट.

“वाटते, बाई. सात वर्षं चोरून शिकलो. पण खानसाहेबांना जेलात टाकलं आन् तुम्ही दाराकडं तोंड फिरवलंत. पुढं काय झालं, ते दिसलंच नाय.”