पिवळी छत्री

चित्र गेलं. बातम्या सांगणाऱ्या बाईचं अर्धं तोंड चौकोनी तुकडे होऊन पडद्यावर अडकलं. उरलेलं अर्धं कुठे गेलं ते कळलं नाही.

महादेवरावांनी टीव्हीखालच्या डब्याला थापड मारली. मग दुसरी. तिसरीच्या वेळी त्यांनी कंपनीच्या मालकाच्या दोन पिढ्यांची चौकशी केली. गच्चीवरच्या डिशला सगळी गल्ली छत्रीच म्हणायची. महादेवरावांची छत्री निळी होती, आणि सक्करदरा वस्तीवर आभाळ आलं की ती झोपी जायची. पाऊस लागत नसे. नुसतं आभाळ पुरे.

दोनच मिनिटांत गल्लीच्या पलीकडे, केशवरावांच्या खिडकीतून त्याच बातम्या गडगडू लागल्या.

"पाह्य, पाह्य," महादेवराव म्हणाले. "माझं चित्र गेलं का लगेच आवाज वाढवते. मुद्दाम जळवून राहिला मले."

इंदुताई मेथी निवडत होत्या. "अहो, केशवभाऊजींचं तर आता..."

"त्या घरचं नाव काढाचं नाही म्हटलं ना!"

इंदुताई पुन्हा मेथीकडे वळल्या. महादेवराव शिव्या देत खुर्ची खिडकीपाशी सरकवून बसले आणि उरलेल्या बातम्या पूर्ण ऐकल्या. हवामानासकट.

तीस वर्षं महादेवराव आणि केशवराव एकाच स्कूटरवर सदरच्या ऑफिसात गेले होते. सहा वर्षांपूर्वी त्याच स्कूटरवर दोघं सीताबर्डीला छत्री घ्यायला गेले. महादेवरावांनी निळी निवडली. केशवराव म्हणाले, "आभाळ आलं का झोपते ही. पिवळी घे." महादेवराव म्हणाले, "तुले टीव्हीतलं काय समजते?" दुकानदारासमोर म्हणाले. परत येताना स्कूटरवर एकच माणूस होता. दुसरा ऑटोने आला. तेव्हापासून अबोला. आभाळाने दरवर्षी केशवरावांची बाजू घेतली, हे महादेवरावांना जास्त लागलं.

त्यामुळे पिवळी छत्री घेणं म्हणजे नुसती कंपनी बदलणं नव्हतं. ते भर गल्लीत हार कबूल करणं होतं. मुलगा अश्विन पुण्याहून फोनवर म्हणाला, "बाबा, छत्रीच काढून टाका. वायफाय घ्या." पण वायफायवरच्या बातम्या शिळ्या असतात असं महादेवरावांचं मत होतं. कंपनीच्या नंबरवर त्यांचा फोन कंपनीसाठी अतिशय महत्त्वाचा असल्याचं एक बाई वीस मिनिटं सांगत राहिली. जुलैत सलग चार दिवस आभाळ राहिलं, आणि पाचव्या दिवशी महादेवराव मोडले.

केशवरावांच्या वामकुक्षीची वेळ पाहून त्यांनी मेकॅनिकला बोलावलं.

"टाकीच्या मागं लाव. समोरून दिसाले नको."

"काका, छत्री आहे, चोरीचा माल नाही. मागं सिग्नलच भेटत नाही."

छत्री लागली ती नेमकी केशवरावांच्या ओट्यासमोर. संध्याकाळी केशवराव ओट्यावर येऊन बसले. अलीकडे ते काळा गॉगल लावायचे. सत्तराव्या वर्षी ही फुटानी, ही ऐट पाहून महादेवरावांना रोज नव्याने राग यायचा. आज गॉगल थेट पिवळ्या छत्रीकडे रोखलेला होता. महादेवराव पडद्याआडून पाहत राहिले. आता हसेल. आता कोणाला तरी हाक मारून दाखवेल. केशवराव हसले नाहीत. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"पाहूनही न पाहिल्यासारखं करते," महादेवराव चरफडले. हसला असता तर बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात पुन्हा आभाळ भरून आलं. चित्र जागचं हललं नाही. महादेवरावांनी आपल्या टीव्हीचा आवाज बंद करून कान दिला. पलीकडे शांतता. दुसऱ्या दिवशीही शांतता.

"चूप बसला आता," ते म्हणाले. पण खुर्ची त्यांनी खिडकीपाशीच ठेवली होती.

रविवारी केशवरावांच्या गच्चीवर एक माणूस पाना घेऊन चढलेला दिसला. तो त्यांची पिवळी छत्री काढत होता. शेजारी केशवरावांची सून मिनल उभी होती. महादेवराव धापा टाकत आपल्या गच्चीवर गेले. इंदुताई तिथे वाळलेले कपडे काढत होत्या. सहा वर्षांचा नियम महादेवरावांनी स्वतःच मोडला.

"काहून वं मिनल, छत्री काहून काढून राहिले? मी लावली म्हणून?"

"नाही काका. आता लागत नाही."

"केशव टीव्ही नाही पाहत का?"

मिनलने खाली ओट्याकडे पाहिलं. "दोन वर्षं झाले काका, बाबाले काहीच दिसत नाही. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले."

महादेवराव सावकाश इंदुताईंकडे वळले. "तुले माहीत होतं?"

"कितीदा सांगाले लागली मी," इंदुताई हातातल्या चादरीची घडी घालत म्हणाल्या. "तुम्ही म्हटलं, नाव काढाचं नाही."

खाली ओट्यावर काळा गॉगल होता. महादेवरावांना तिकडे बघवेना.

"मंग इतके दिवस एवढ्या मोठ्यानं ऐकत होता तो?"

"बाबा तर उशाशी रेडिओ घेऊन ऐकते काका, बारीक आवाजात. टीव्ही तर तुमची डब्यावरची थापड ऐकू आली का मंगच लावाचा. म्हणाचे, 'लाव बेटा, वाढव आवाज, महादेवच्या बातम्या सुटून राहिल्या.'"