गोंधळातलं एक वाक्य

विधानसभेतल्या लेखनिकेने टाइप केलेला कागद मंत्र्यांच्या पीएने तिच्या टेबलावर परत आणून ठेवला. त्यातल्या एका वाक्यावर लाल शाईची काट मारलेली होती.

"मावशी, एवढं वाक्य तेवढं काढून टाका. साहेब असं बोललेलेच नाहीत."

सभागृहात पडणारा शब्द न् शब्द लघुलिपीत उतरवून घ्यायचा, हे काम ती एकतीस वर्षं करत होती. दहा मिनिटं लिहायचं, खुर्ची दुसरीला द्यायची, खोलीत येऊन टाइप करायचं. लिहिताना अर्थाकडे लक्ष द्यायचं नसतं. दिलं की हात अडखळतो. खासगी शाळांच्या अनुदानकपातीवर सकाळपासून रण पेटलं होतं, पण तिच्या वहीत नुसत्या खुणा उमटत होत्या. सरकारी शाळांची छपरं गळतायत, खासगी शाळांना किती दिवस पोसायचं, असं मंत्री म्हणाले. विरोधकांनी बाकं बडवली. "तुमची पोरं कुठल्या शाळेत जातात ते सांगा!" कुणीतरी ओरडलं. मंत्री भडकले आणि मग कुणाचं कुणाला ऐकू येईना.

ते वाक्य तिला कळलं ते टाइप करताना. 'ज्या वस्तीत दुसरी शाळाच नाही, तिथल्या शाळेचं अनुदान मी कापणार नाही.' तिची सून नदीपलीकडच्या अशाच एका शाळेत शिकवत होती. कपात झाली तर पुढच्या वर्षी त्या शाळेला कुलूप लागणार होतं. तिला आनंद झाला, आणि लगेच स्वतःचाच संशय आला. मनी वसे ते स्वप्नी दिसे म्हणतात. ते वहीत तर दिसत नव्हतं ना? तिने खुणा तीनदा तपासल्या. वाक्य होतं.

"बोललेत," ती पीएला म्हणाली. "व्याकरण सुधारायचं तर सुधारा. वाक्य काढता येत नाही."

"अहो, कुणीच ऐकलेलं नाही. रेकॉर्डिंगमध्येही नुसता कल्ला आहे."

"कल्ल्यातलं ऐकायचाच पगार मिळतो मला."

पीए जरा वाकला. त्याचा आवाज मधाळ झाला. "तुमच्या सूनबाई तसल्याच शाळेत आहेत ना? उद्या लोक म्हणतील, सासूने सुनेसाठी वाक्य घुसडलं. चार महिन्यांवर निवृत्ती आलीय तुमची."

सासूने सुनेसाठी काही केलं यावर लोकांनी विश्वास ठेवला असता की नाही, हा भाग वेगळा. पण एकतीस वर्षांत तिच्या वहीवर कुणी शंका घेतली नव्हती, आणि मिरवण्यासारखं तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. तिने वही उचलली.

"चला. साहेबांनाच विचारू."

मंत्री जिन्याजवळच्या खिडकीत एकटेच चहा पीत उभे होते. तिने वही उघडली आणि ते पान वाचून दाखवलं, एका सुरात, शिव्यांसकट.

"साहेब, माझी सून अशाच एका शाळेत शिकवते, हे आधीच सांगते," ती म्हणाली. "तुम्ही हे बोलला नसाल तर तसं म्हणा. चूक माझी, असं मी लिहून देईन."

"साहेब रागात होते," पीए घाईघाईने म्हणाला. "उचलली जीभ, लावली टाळ्याला, असं होतं कधी कधी."

मंत्र्यांनी नुसतं त्याच्याकडे पाहिलं. पीएने जीभ चावली.

"यात माझं वाक्य कुठलं?" त्यांनी वहीत डोकावत विचारलं. तिने बोट ठेवलं.

"एवढुसं?"

"एवढंच."

तेवढ्यात घंटा झाली. चहा तसाच ठेवून ते आत गेले.

तिची पाळी आली तेव्हा तिने खुर्ची घेतली. मंत्री बोलायला उभे राहिले आणि पुन्हा आरडाओरडा सुरू झाला. ते थांबले. सगळे दमेपर्यंत थांबले. मग त्यांनी तेच वाक्य उच्चारलं, सावकाश, मास्तर शुद्धलेखन घालतात तसं. मागे बसलेले त्यांच्याच पक्षाचे लोक एकमेकांकडे बघू लागले.

सभागृहात लेखनिकांशी कुणी बोलत नसतं. मंत्री तिच्याकडे वळले.

"झालं लिहून, बाई?"

तिने मान हलवली.

"मग पुढचंही घ्या. अशा शाळांची यादी आठवड्याच्या आत याच सभागृहात ठेवतो."