वायर निघाली तेव्हा

"अगं, शून्य धर आणि पुढे चल! डॉक्टरांची गाडी आली खाली," कपिलेश खिडकीतून ओरडला.

मृण्मयीच्या स्क्रीनवर पुन्हा तीच लाल ओळ होती. नवजात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेटीचा प्रोग्राम ती रस्ट भाषेत लिहीत होती आणि तो तपासणारा कंपायलर हटून बसला होता. सेन्सरकडून तापमान आलंच नाही तर काय करायचं, हे सांगितल्याशिवाय तो पुढे जाईना.

तिची बोटं शून्यावर गेलीही, पण तिथेच थबकली. शून्य म्हणजे बाळ गारठलंय असं समजून हीटर भडकला असता! "थांब रे," म्हणत तिने लिहिलं: तापमान मिळालं नाही, तर हीटर बंद आणि भोंगा चालू. लाल ओळ गेली.

डेमो झकास चालला होता. एवढ्यात डॉ. इनामदारबाईंनी कुणाला न विचारता सेन्सरची वायर खसकन उपटली. कपिलेशने डोळेच मिटून घेतले. भोंगा वाजला आणि हीटर बंद पडला.

"बाळं हातपाय झाडतात, वायर निघतेच," बाई म्हणाल्या. "पण ती निघाली हे पेटीला कळलं कसं?"

"ते नाही कळलं, मॅडम," मृण्मयी म्हणाली. "स्वतःला तापमान माहीत नाही, एवढंच तिला कळलं."

बाई खळखळून हसल्या. "एवढं कळायला माझी अर्धी डॉक्टरकी गेली! बोला, पेट्या कधी देताय?"