चार दिवसांची रजा

शिट्टी वाजली आणि शिवांजलीने रजई डोक्यावर ओढली.

"उठ अंजू बेटा. फॉग आहे. पळायला एक नंबर हवा!"

सुभेदार संपतराव दारात उभे होते. गळ्यात शिट्टी, डोक्यावर माकडटोपी. आयुष्यभर रंगरुटांना पळवलेला माणूस. दिल्ली कँटच्या या क्वार्टरमध्ये त्यांच्या हाताखाली आता एकच रंगरूट उरला होता. त्यांना पोरीला वर्दीत बघायचं होतं.

ती उठली. समोरचा ब्लॉकसुद्धा दिसत नव्हता. धुक्यात फक्त शिट्टी ऐकू यायची, ती जिकडून यायची तिकडे पळायचं. हल्ली पळताना अंधारी यायची. घरी आल्यावर उकडलेली मटकी आणि मेथीचं पाणी. भात बंद, साखर बंद, चपाती मोजून.

दिवाळीनंतर तिची पाळीच आली नव्हती.

गेल्या आठवड्यात आई तिला डॉक्टरकडे घेऊन गेली. संपतराव बाहेर बाकावर बसले. बायकांच्या विषयात ते आत येत नसत. डॉक्टरबाई हिंदीत म्हणाल्या, "बेटा, तेरे शरीर को लग रहा है कि अकाल पड़ा है और कोई पीछे दौड़ रहा है. ऐसे में हार्मोन सबसे पहले पीरियड्स ही बंद करते हैं. पेट भर के खा, सो, कुछ महीने दौड़ना बंद. डाइट, एक्सरसाइज, स्ट्रेस, तीनों ठीक करो."

विजयमालाने बाहेर येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. त्यांनी फक्त शेवटचं वाक्य धरलं. तीन गोष्टी बिघडल्यात, तीन गोष्टी टाईट करायच्या. चपाती अजून एक कमी. ग्राउंडची फेरी अजून एक जास्त. आणि स्ट्रेससाठी अनुलोम-विलोम. त्यालाही शिट्टी.

"पप्पा, त्या आराम करायला म्हणाल्या."

"आराम करून कुणी जवान झालाय? शरीराला कळलं पाहिजे हुकूम कुणाचा चालतो."

विजयमालाने एकदा मध्ये तोंड घातलं होतं. "घरात दोन कमांडर नसतात," ते म्हणाले. ती गप्प झाली. आईचं हे गप्प होणंच शिवांजलीला सगळ्यात जास्त टोचायचं.

आणि आज तर आई बाजूला बसलेली.

हे या घरातलं भलतंच प्रकरण होतं. संपतरावांच्या आईने गावाकडे घातलेला नियम, त्या चार दिवसांत बाईने कशालाच हात लावायचा नाही. आजी वारली, पोस्टिंगा बदलल्या, नियम तसाच राहिला. संपतराव तो पलटणीच्या ऑर्डरसारखा पाळायचे. स्वतः कुकर लावायचे. ताट मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर ठेवायचे. बाजूला बसलेल्या बाईला ते हुकूम देत नसत.

शिवांजलीला या सगळ्याची चीड होती. "आई, तू बीए आहेस यार. दिल्लीत राहतेस. लाज नाही वाटत?"

"नियम आहे बाई," असं म्हणून विजयमाला मोबाईलवर सिरीयल लावायची. शिवांजली स्वतः कधीच बसली नाही. पाळी यायची तेव्हा पप्पांना न सांगता मुद्दाम ग्राउंडवर जायची. पोट दुखलं तरी.

आज तिसऱ्या फेरीला ती पडली.

शुद्ध आली तेव्हा संपतराव तिच्या तोंडावर पाणी मारत होते. आपली माकडटोपी काढून त्यांनी तिच्या डोक्याखाली ठेवली होती. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "काही नाही, काही नाही. स्टॅमिना कमी पडतोय. उद्यापासून वाढवू."

घरी आल्यावर संपतरावांनी कुकर लावला. ते आईचं ताट देऊन गेले, तशी ती मागच्या खोलीच्या उंबऱ्यावर येऊन बसली. गुडघा फुटला होता. आत आई गादीवर बसली होती, ताटात गरम भात, वर तूप. खिडकीबाहेर जानेवारीचं धुकं आणि आईने रजई लाथाडलेली. पेपरची घडी करून वारा घेत होती.

"मला इथून पळून जायचंय," शिवांजली म्हणाली. "पण पळायचीसुद्धा ताकद नाही गं राहिली." आणि ती रडायला लागली.

विजयमालाने तिच्या गुडघ्याकडे बघितलं. मग ताट तिच्याकडे सरकवलं.

"आत ये."

"तुझा नियम?"

"ये म्हणते ना. दार लोट."

ती आत आली. विजयमालाने तिला रजईत घेतलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज दिला.

"अहो! ऐकलंत का? अंजूला आली हो. आत बसवलीय मी."

स्वयंपाकघरात भांडं वाजायचं थांबलं.

"बघ!" संपतरावांचा आवाज एकदम हलका झाला होता. "बघ, म्हटलं नव्हतं? ग्राउंडने केलं काम!" मग घसा खाकरून, "बसू दे तिला. चार दिवस ग्राउंड बंद. मी भात वाढवतो."

शिवांजलीच्या तोंडातला घास तसाच राहिला. "आई, खोटं?"

"गिळ आधी."

"चार दिवसांनी काय?"

"पाचव्या दिवशी सांगू, अंगावर जास्त जातंय. डॉक्टरबाईंनी महिनाभर बसायला सांगितलंय. त्यांना विचारायला हे थोडेच आत जाणारेत? पुढच्या महिन्यात परत आली म्हणू."

"आणि त्यांना कळलं तर?"

विजयमालाने कपाळावरचा घाम पुसला, पेपर पुन्हा उचलला आणि वारा घेत म्हणाली,

"कळतंय कुठलं. माझी बंद होऊन दोन वर्षं झाली."